रोज चालतो, तरी पाटावरून उठता का येत नाही?

प्रश्न : मी कामोठ्यात राहतो. वय 72. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर तीस वर्षं काढली. एकसष्टाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज पहाटे पाऊण तास चालतो. मानसरोवर स्थानकापर्यंत जायचं आणि वळसा घेऊन परत. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. सहसा खाडा नाही. साखर ताब्यात आहे. पण गेल्या भाऊबीजेला बहिणीने पाटावर बसवलं, ओवाळून झालं, आणि मला उठताच येईना. नातवाने काखेत हात घालून उभं केलं. एसटीची पहिली पायरीही हल्ली जड जाते. रोज एवढं चालणाऱ्या माणसाचे पाय कमजोर कसे होतात? शेजारी म्हणतात, आणखी चाला. पत्नी म्हणते, वय झालं. मुलगा जिम सुचवतो, पण वजन उचलणं म्हटलं की मला बाजारातले माथाडी आठवतात. या वयात ते बरं का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : काका, तुमच्या पत्रात कुरकुर नाही, हिशेब आहे. एवढं घातलं, मग एवढं का निघालं नाही? काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाने असाच प्रश्न विचारावा. तो तुमच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहे.

चालणं मुळीच सोडू नका. तुमची साखर आटोक्यात राहिली, हृदय आणि फुप्फुसं कामात राहिली, यात त्या पहाटेच्या फेरीचा मोठा वाटा आहे. पण सपाट रस्त्यावर चालणं आणि पाटावरून उठणं ही स्नायूंच्या लेखी दोन निराळी कामं आहेत. पहिल्याचा सराव तुम्ही अकरा वर्षं केला. दुसऱ्याचा सराव मात्र त्याच वर्षांत हळूहळू बंद पडत गेला. घरात जेवायचं टेबल आलं, पलंग आला, कमोड आला, इमारतीला लिफ्ट आली, आणि खाली बसून उठण्याचे दिवसातले प्रसंग एकेक करून निघून गेले. भाऊबीजेचा पाट तेवढा उरला होता. म्हणून दुखणं तिथे उघडं पडलं.

आता याचं कारण बघू. मांडीच्या स्नायूत असंख्य बारीक तंतू असतात. ढोबळमानाने त्यांच्या दोन जाती. एक संथ, तासन् तास न थकणारे. दुसरे जोरकस, झटकन आकसणारे, पण लवकर दमणारे. शरीर या बाबतीत काटकसरी आहे. कोणत्याही कामाला ते आधी संथ तंतू लावतं, आणि त्यांनी भागेना तरच जोरकस तंतूंना हाक मारतं. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना ही हाक जवळपास जातच नाही. पाटावरून उठताना, एसटीची उंच पायरी चढताना, अडखळल्यावर क्षणात पाय पुढे टाकून तोल सावरताना मात्र हेच जोरकस तंतू लागतात.

आणि वय वाढतं तसे नेमके तेच आधी बारीक होतात. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशी त्यांना हुकूम देतात, त्यांतल्या काही कालांतराने मरतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी सांभाळून घेते, उरलेले वाळून जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतो, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. अमेरिकेतले अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचं दारिद्र्य असा होतो.

तेव्हा शेजाऱ्यांचा ‘आणखी चाला’ हा सल्ला तुमच्या दुखण्यावर लागू पडणार नाही. पाऊण तासाचा दीड तास केलात तरी संथ तंतूच दुप्पट राबतील.

काकू म्हणतात, वय झालं. त्यांच्या बोलण्यात काळजी आहे, आणि झीज वयाने होते हेही खोटं नाही. पण गेलेली ताकद परत येत नाही, हा त्यामागचा समज चूक आहे. हे बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात दिसून आलं. मारिया फियाटारोने या डॉक्टरबाईंनी तिथल्या 86 ते 96 वर्षांच्या दहा दुर्बल रहिवाशांना मांडीचा व्यायाम द्यायचा ठरवला. तोही नावापुरता नव्हे. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन पायाने उचलता येईल, त्याच्या 80 टक्क्यांपर्यंतचं वजन, आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे. दहापैकी नऊ जणांनी तो पुरा केला. 1990 मध्ये निष्कर्ष छापून आले. मांडीची ताकद सरासरी 174 टक्के वाढली होती, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पट झाली होती. मांडीचा स्नायू 9 टक्के भरला. दोघांनी काठी सोडली. हात न टेकता खुर्चीतून उठू न शकणारे सुरुवातीला तिघे होते, त्यांतला एक आता उठू लागला. तिघांतला एकच, हेही लक्षात ठेवा. यात जादू नाही. पण सरासरी नव्वदीच्या माणसांच्या बाबतीत हे घडलं. तुम्ही 72 चे आहात, आणि अकरा वर्षांची चाल तुमच्या गाठीशी आहे.

त्याच डॉक्टरांनी पुढे शंभर रहिवाशांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. सरासरी वय 87. 1994 साली तो प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद 113 टक्के वाढली, चालण्याचा वेगही वाढला. रहिवाशांतल्या काहींना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्याचा ताकदीवर फरक पडला नाही. औषधाच्या दुकानात प्रोटीन पावडरचे महागडे डबे घेणाऱ्या सगळ्यांना हे सांगावंसं वाटतं.

‘वय झालं’ या दोन शब्दांचा मला राग येतो, कारण त्यापाठोपाठ ‘पडून राहा’ हा सल्ला येतो. माझ्या आईला डेंग्यू झाला तेव्हा तिने दहा-बारा दिवस अंथरुणात काढले. ताप उतरला, पण देवघरापर्यंत जाताना तिला भिंत धरावी लागली. आम्ही सगळ्यांनी ते तापावर ढकललं आणि प्रेमाने तिला आणखी पंधरा दिवस झोपवून ठेवलं. फार नंतर 2007 सालचं एक संशोधन वाचनात आलं. सदुसष्टीच्या आसपासच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतला सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेला होता. आजार नाही, ताप नाही, केवळ पडून राहिल्याने. आम्ही आईवर माया केली आणि तिच्या पायांतलं बळ आमच्या हाताने काढून घेतलं. म्हणून विनवणी, घरातलं वडीलधारं माणूस दुखण्यातून उठलं की डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा : यांना चालवायला, बसवायला, उभं करायला कधीपासून सुरुवात करू?

आता माथाडींचं. तुम्ही त्यांना अवजड ओझी वाहून वाकलेले पाहिलेत, त्यामुळे वजनाची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण त्यांचं ओझं बाजार ठरवत होता. किती, किती वेळ, दमल्यावर थांबायचं की नाही, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. व्यायामात हे सगळं तुमच्या हातात असतं. आठ-दहा वेळा उचलायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, एक दिवस विश्रांती द्यायची. सुधारणा त्या विश्रांतीतच होते, म्हणून एकाच स्नायूला सलग दोन दिवस राबवू नये.

ताकद कमावायला गरिबीतून जावं लागू नये, असंही इथे सांगतो. बारामतीच्या लता भगवान करे 2013 मध्ये साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यांनी त्यात स्वतःची भूमिका केली. ते पाय शेतमजुरीने घडवले होते. तुमचं कामोठंही सिडकोची वसाहत होण्याआधी भातशेतीचं गाव होतं. गावठाणात ज्या आज्या अजून आहेत त्यांना विचारा. लावणीला दिवसभर वाकायचं, भाऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं, चुलीपुढे उकिडवं बसायचं. ते कष्टाचे दिवस परत यावेत असं कोणीच म्हणू नये. पण त्या कामांत गुडघे, कंबर आणि मांड्यांना जो भार रोज मिळायचा, तो फ्लॅटमध्ये ठरवून द्यावा लागतो.

ठरवून देण्याची वाट आपल्याकडे जुनीच आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी प्रजेलाही ते घालायला लावले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार 2014 साली पंचाण्णवाव्या वर्षी गेले आणि नव्वदी उलटल्यावरही रोजचा सराव करत होते. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी खुर्ची, भिंत, दोर, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं बसवली, हे मला त्यांचं फार मोठं काम वाटतं. आधार घेण्यात कमीपणा नाही. खुर्ची धरून केलेली उठबस ही उठबसच आहे.

सुरुवात मोजमापाने करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. बैठकीची उंची दीड फुटाच्या आत-बाहेर असावी. हात छातीवर आडवे घ्या आणि नातवाला घड्याळ लावायला सांगा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. 70 ते 74 वयाच्या पुरुषाचा आकडा 12 च्या खाली आणि बाईचा 10 च्या खाली आला, तर ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. हात टेकावा लागला तर शून्य मांडायचं. शून्य आलं तरी मन खट्टू करून घेऊ नका. पुढे तुलना करायला तो आकडा लागणारच आहे.

व्यायामही त्याच खुर्चीवर. बैठकीवर घट्ट उशी ठेवून ती उंच करा, म्हणजे हात न टेकता जमेल. सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा. बसताना धपकन अंग टाकलंत तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण भार पेलत खाली येताना स्नायूला मोठं काम पडतं. आठ ते बारा वेळा करून थांबायचं, दोन मिनिटं दम घ्यायचा, पुन्हा एकदा, जमल्यास तिसऱ्यांदा. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. सहज वाटू लागलं की उशी काढा. मग एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या हातात धरा. पुढे दोन किलो पिठाची पिशवी छातीशी. हे वाढवत नेणंच महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. बागेतल्या खुल्या व्यायामशाळेची यंत्रं बघा. त्यांतल्या बऱ्याच झुलणाऱ्या यंत्रांवर भार वाढवताच येत नाही. सांधे मोकळे व्हायला ती चांगली, पण ताकदीसाठी तुमचा जिना बरा. कठडा धरून एक मजला चढा. सवय झाली की दोन. उतरताना गुडघे कुरकुरत असतील तर उतरायला लिफ्ट घ्या.

ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा, म्हणजे पोटऱ्यांना काम मिळेल. भिंतीवर हात टेकून जोर काढा, ते छाती-खांद्यांसाठी. तोलासाठी ओट्याजवळच एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या पायावर. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस पासष्टीपुढच्यांना चालण्यासारखा व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं, ताकदीचा किमान दोन दिवस आणि तोलासकटचा मिश्र व्यायाम किमान तीन दिवस, अशी आहे. पहिला भाग तुमचा झालेला आहे. बाकीच्याला दर खेपेला वीस-पंचवीस मिनिटं पुरतील, आणि जुलैतल्या पावसातही घरबसल्या करता येईल.

जमिनीवरून उठणं हा मात्र वेगळा धडा आहे आणि तो प्रत्येक ज्येष्ठाने घ्यावा, कारण पडल्यावर हाड शाबूत असूनही उठता न आल्याने माणसं तासन् तास फरशीवर पडून राहतात. घरात दुसरं कोणी असताना, सतरंजीवर, जवळ भक्कम खुर्ची ठेवून सराव करा. आडवे असाल तर आधी कुशीवर वळा. मग रांगायच्या अवस्थेत या. रांगत खुर्चीपाशी जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा, जास्त बळ असलेल्या पायाचं पाऊल पुढे रोवा आणि त्यावर जोर देत उठा. ब्राझीलमध्ये 51 ते 80 वर्षांच्या 2,002 माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. कुठे हात टेकला, कुठे गुडघा, त्याप्रमाणे गुण कापले. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. 2012 सालचं हे संशोधन वाचून घाबरायचं कारण नाही. उठता न येण्याने मरण येतं असा त्याचा अर्थ नाही. स्नायू, सांधे, तोल आणि वजन या सगळ्यांची प्रकृती त्या एका हालचालीत दिसते, एवढंच. पाटावर जेवायची आपली जुनी रीत ही परीक्षा रोज दोनदा घेत असे.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर दीर्घकाळ घेतल्याने शरीरातलं बी-12 कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पाय अशक्त होतात, बधिरतात, तोल जातो. रक्ताची ती तपासणी एकदा करून घ्या. साखर एकदम उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम आणि खाणं यांची वेळ कशी जमवायची ते ठरवून घ्या. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने झटक्यात उठू नये, चक्कर येते. जोर लावताना श्वास कोंडू नका. उठताना सोडा, बसताना घ्या. छातीत दुखलं, घाम फुटला, एका बाजूचं बळ अचानक गेलं, तर व्यायाम तिथेच थांबवून थेट रुग्णालय गाठायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर परवानगीशिवाय वजन उचलू नका. कामोठ्यातच एमजीएमचं रुग्णालय आणि फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. पहिले एक-दोन दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलंत तर चुका तिथेच सुधारतील. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर ती सुरुवातीची नेहमीची गोष्ट आहे. पण सांध्यात टोचणारी कळ आली किंवा गुडघा सुजला, तर भार कमी करा.

खाण्याबद्दल थोडंसं. उतारवयात स्नायूला तेवढ्याच कामासाठी जास्त प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 65 ते 80 ग्रॅम. पातळ वरण, भात आणि दोन पोळ्यांत ते भागत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, मूठभर फुटाण्यांत चार-पाच, माशाच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्यात अठरा-वीस. सुकट आणि सुके बोंबीलही प्रथिनांनी भरलेले, पण त्यांत मीठ फार, रक्तदाब असेल तर बेताने खा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि काकूंनाही बरोबर घ्या. बाईचा स्नायू मुळात कमी असतो, पाळी गेल्यावर हाडंही झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका त्यांना अधिक. घरकाम होतंच की, असं म्हणून आपल्याकडे बायका व्यायामातून सुटतात, पण ओट्याशी उभं राहण्याने मांडीला भार मिळत नाही. एक खुर्ची, दोघांनी आळीपाळीने. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय काढा. चार जण मिळून केलं की खाडे कमी होतात.

आज चहा झाल्यावर खुर्ची भिंतीला लावा, नातवाला घड्याळ द्या, आणि आलेला आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. दहा आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला पोस्टकार्डावर कळवा.